शपथ आणि सोबत

सन १६६८ च्या फेब्रुवारीच्या ८ तारखेस लंडनमधील स्ट्रँड रस्त्यावरील एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानांत सॅम्युएल पेपीज नांवाचा आरमारी कचेरींतील एक वरिष्ठ अधिकारी तासभर रेंगाळला आणि अखेर एक फ्रेंच पुस्तक घेऊन बाहेर पडला. पुस्तक त्यानें मुद्दामच साध्या बांधणीचें घेतलें होतें. वाचून होतांच तें जाळून टाकावयाचें होतें. तेव्हां चांगल्या बांधणीवर पैसे घालविण्यांत अर्थ नव्हता. शिवाय आपल्या नामांकित ग्रंथसंग्रहांत तें कोणास आढळलें तर संग्रहाची अब्रू जाईल, ही भीति होतीच. पुस्तकाचें नांव ‘लेकोल दे फीय’, म्हणजे ‘मुलींची शाळा’. १६५५ सालीं पॅरिसमध्यें तें प्रथम निघालें होतें, आणि त्यांत कोणते धडे होते तें सांगण्याची आवश्यकता नाहीं. महिन्यापूर्वीं, १३ जानेवारीस, पेपीजनें हेंच पुस्तक एकदां उघडून पाहिलें होतें. फ्रेंच जाणणाऱ्या आपल्या पत्नीकडून त्याचें भाषांतर करून घ्यावें असा त्याचा विचार होता. चार पानें चाळतांच तो शरमला आणि पुस्तक खालीं ठेवून निघून गेला. तरीहि जवळजवळ चार आठवड्यांनीं त्याचे पाय त्याच पुस्तकाकडे वळले.

दुसरा दिवस रविवारचा. सकाळीं कचेरींत बसून त्यानें थोडें वाचलें. दुपारीं घरीं स्नेही आले, गाणें झालें, मद्य झालें. पाहुणे गेल्यावर रात्रीं त्यानें तें शेवटपर्यंत वाचलें आणि मग खरोखरच जाळलें. शहाण्या माणसानें जगांतील दुष्टपणाची माहिती असावी म्हणून असें पुस्तक एकदां वाचण्यास हरकत नाहीं, असें समर्थनहि त्यानें रोजनिशींत लिहून ठेवलें. ही रोजनिशी लघुलिपींत होती, आणि असल्या जागीं तर त्यानें लघुलिपींतच परक्या भाषांतील शब्दांची भेसळ केली होती. ती १८२५ सालीं प्रथम छापली गेली, परंतु हे उतारे पुढील संपादकांनीं दीर्घकाळ गाळलेच. ते सर्वच्या सर्व वाचकांपुढें आले ते १९७० ते १९८३ या काळांत निघालेल्या आवृत्तींत.

औत्सुक्य, लाज, सबब आणि होळी, असा हा क्रम आहे. अश्लील पुस्तकें वा चित्रें पाहण्याची संवय लागलेल्या आजच्या माणसाला त्यांतील एकहि पायरी अनोळखी वाटणार नाहीं. पुस्तकाच्या जागीं मोबाइल आला, जाळण्याच्या जागीं पुसून टाकणें आलें, एवढाच फरक.

पेपीज हा शपथांच्या बाबतींत नवखा नव्हता. नाटकांचा आणि मद्याचा नाद सोडण्यासाठीं त्यानें वर्षानुवर्षें लेखी शपथा घेतल्या होत्या. मोडल्यास गरिबांच्या पेटींत दंड टाकावयाचा, असें कलम त्यांत असे, आणि त्या शपथा तो मधून मधून स्वतःच स्वतःला वाचून दाखवीत असे. त्यांचा उपयोग होत नसे असें नाहीं. परंतु शपथ करणारा, ती मोडणारा आणि न्याय देणारा हे तिघेहि एकच असल्यावर जें व्हावयाचें तेंच होई. नाटकाचे पैसे दुसऱ्यानें भरले तर शपथ मोडत नाहीं, असा युक्तिवाद त्यानें केला, आणि ही आपलीच चलाखी आहे हें कबूलहि केलें.

त्याच वर्षीं २५ ऑक्टोबरला त्याच्या पत्नीनें त्याला घरांतील तरुण दासीशीं गैरवर्तन करतांना पाहिलें. त्या मुलीची नोकरी गेली. मालकाची कांहीं गेली नाहीं. यापुढें विल ह्यूअर या त्याच्या कारकुनानें सदैव त्याच्याबरोबर असावें, म्हणजे त्याला त्या मुलीला भेटतां येणार नाहीं, अशी व्यवस्था ठरली. ह्यूअर विश्वासू होता, नवराबायको दोघांचाहि होता. तथापि तो पहारेकरी होता. पहारा आणि सोबत या दोन वस्तु बाहेरून सारख्या दिसतात. त्या वेगळ्या आहेत हें कळावयास पुढें पावणेदोनशें वर्षें लागलीं.

दरम्यान मालाचा पुरवठा वाढत गेला. १८३९ सालीं छायाचित्रणकला जाहीर झाली, आणि तिचा या धंद्यांत उपयोग होण्यास फार वर्षें लागलीं नाहींत. लंडनमध्यें होलिवेल स्ट्रीट ही गल्ली असल्या दुकानांसाठीं कुप्रसिद्ध झाली. १८५७ सालीं लॉर्ड कॅम्बेलनें ही विक्री म्हणजे विषाचीच विक्री होय असें पार्लमेंटांत सांगून अश्लील प्रकाशनांविरुद्ध कायदा करून घेतला. १८६८ च्या हिक्लिन खटल्यानें अश्लीलतेची कसोटी ठरविली. अमेरिकेंत १८७३ सालीं अँथनी कॉमस्टॉकच्या खटपटीनें टपालांतून असलें साहित्य पाठविणें गुन्हा ठरलें. हिंदुस्थानांत १८६० च्या दंडसंहितेचें २९२ वें कलम याच वळणाचें होतें. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्यायसंहितेच्या २९४ व्या कलमानें घेतली आहे. या सर्व कायद्यांचें लक्ष विकणाऱ्याकडे आणि छापणाऱ्याकडे होतें. विकत घेऊन घरीं आलेल्या, दार लावून बसलेल्या आणि नंतर स्वतःचाच तिटकारा वाटणाऱ्या माणसाचें काय करावयाचें, याचें उत्तर कायद्याजवळ नव्हतें, आणि तें कायद्याचें कामहि नव्हे.

त्या माणसाच्या वांट्याला आली ती भीति. स्विस वैद्य तिसो यानें १७६० सालीं हस्तमैथुनावर ग्रंथ लिहून क्षय, अंधत्व, वेड असल्या भयंकर परिणामांची यादी दिली, आणि पुढें दीडशें वर्षें युरोपांत तिची नक्कल होत राहिली. या भीतीला वैद्यकाचा आधार नव्हता. भीतीनें संवय सुटत नाहीं. ती फक्त अधिक खोल लपते. आपल्याकडे ही गोष्ट निर्भीडपणें सांगणारा पुरुष म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. जुलै १९२७ मध्यें त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलें आणि १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत तें चालविलें. ज्या गोष्टी लोक वैद्याला विचारावयास धजत नसत त्या कर्व्यांना पत्रानें विचारीत, आणि उत्तरें छापून येत. १९३१ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला; १९३४ सालीं दुसरा झाला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दलच. त्या वेळीं त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मांडली. खटला हरला, दंड झाला. कर्व्यांची सगळीच मतें सर्वांना पटलीं असतीं असें नव्हे. परंतु आपल्यासारखाच प्रश्न दुसऱ्या कोणालाहि पडतो एवढें छापील पानावर दिसणें, हेंच कित्येकांना पहिलें औषध झालें असेल.

इंग्लंडांत मात्र एक निराळा प्रयोग झाला. १८८३ च्या फेब्रुवारींत डरहॅम परगण्यांतील बिशप ऑकलंड या गांवीं एलिस हॉपकिन्स या बाईनें, तेथील बिशप लाइटफुट यांच्या साह्यानें, ‘व्हाइट क्रॉस आर्मी’ स्थापन केली. भोंवतालचा मुलूख कोळशाच्या खाणींचा. सभासदानें पांच गोष्टींची प्रतिज्ञा करावयाची : सर्व स्त्रियांना आदरानें वागवावयाचें, असभ्य भाषा आणि ग्राम्य विनोद यांना आळा घालावयाचा, शुद्धतेचा नियम स्त्रीपुरुषांना सारखाच बंधनकारक मानावयाचा, हीं तत्त्वें सोबत्यांत पसरवून धाकट्या भावांस मदत करावयाची, आणि स्वतःस शुद्ध राखण्यासाठीं शक्य तें सर्व करावयाचें. यांतील तिसरें कलम त्या काळीं क्रांतिकारकच म्हटलें पाहिजे. पावित्र्य ही केवळ बायकांची जबाबदारी नव्हे हें पुरुषांच्याच तोंडून वदवून घेण्याची ही युक्ति होती. चौथ्या कलमांत सोबत्याची जाणीवहि होती. उणीव एकच होती. पांच कलमांत एकहि कलम असें नव्हतें कीं, ज्याचा पाय घसरला त्यानें काय करावें. शुद्ध राहण्याची प्रतिज्ञा केलेल्या मंडळींत ‘काल रात्रीं प्रतिज्ञा मोडली’ असें उभें राहून सांगणार कोण?

शपथ आणि सोबत यांची गांठ कशी पडते याचें एक उदाहरण त्याच सुमारास, त्याच देशांत, एका हिंदी विद्यार्थ्याच्या आयुष्यांत घडलें. मोहनदास गांधी १८८८ सालीं विलायतेस निघाले तेव्हां बेचरजी स्वामी या जैन साधूच्या देखत त्यांनीं आईपुढें मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ घेतली होती. १८९० सालीं पोर्टस्मथ येथें शाकाहारी परिषदेसाठीं गेले असतां एका हिंदी मित्रासह ते ज्या घरीं उतरले तेथें रात्रीं पत्त्यांचा डाव मांडला गेला. घरधनीणबाईहि खेळांत होती. विनोद चालले, विनोदांची पातळी उतरली, आणि गांधीहि त्यांत सामील झाले. शब्दांची मर्यादा ओलांडून कृतीवर येण्याची वेळ आली तेव्हां मित्रानें त्यांना हटकलें आणि तेथून निघून जाण्यास सांगितलें. ते थरथरत आपल्या खोलींत गेले. ही हकीकत त्यांनीं स्वतःच आत्मचरित्रांत सांगितली आहे. लक्षांत घेण्याजोगें हें कीं, तो मित्र कोणी साधुपुरुष नव्हता. तोहि त्याच टेबलाशीं बसून तसेच विनोद करीत होता. शपथ दोन वर्षें मनांत होतीच, परंतु त्या क्षणीं ती निजली होती. तिला जागें करण्यास शेजारचा आवाज लागला, आणि तो आवाज वरून आलेला नव्हता, शेजारूनच आलेला होता.

हा शेजारचा आवाज पद्धतशीरपणें वापरण्याची कल्पना मात्र निघाली ती अश्लीलतेच्या संदर्भांत नव्हे, तर दारूच्या. १८४० च्या एप्रिलमध्यें अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरांत चेस याच्या गुत्त्यांत सहा नेहमींचे दारूबाज बसले होते. गांवांत मद्यपाननिषेधावर व्याख्यान होतें. थट्टेखातर त्यांतील कांहींजण ऐकावयास गेले आणि परत येऊन त्यांनीं वृत्तांत सांगितला. त्यावरून वाद झाला, आणि वादांतून या सहाजणांनीं स्वतःचेंच मंडळ काढलें. नांव दिलें वॉशिंग्टनचें. अध्यक्ष झाला मिचेल नांवाचा शिंपी. यांच्याजवळ ना धर्मोपदेशक होता ना वैद्य. दर आठवड्यास जमावयाचें, प्रत्येकानें स्वतःची हकीकत सांगावयाची, आणि पुढच्या खेपेस एक नवा पिणारा घेऊन यावयाचें, एवढाच त्यांचा कार्यक्रम. जॉन हॉकिन्स नांवाचा टोप्या बनविणारा कारागीर त्याच वर्षीं येऊन मिळाला आणि गांवोगांव फिरून आपली कहाणी सांगूं लागला. दोन-तीन वर्षांत लाखों लोकांनीं प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. स्त्रियांसाठीं मार्था वॉशिंग्टनच्या नांवानें वेगळीं मंडळें निघालीं.

२२ फेब्रुवारी १८४२ रोजीं स्प्रिंगफील्ड येथील मंडळापुढें तेहतीस वर्षांच्या एका वकिलानें भाषण केलें. त्याचें नांव अब्राहम लिंकन. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : आजवरचे सुधारक फसले याचें कारण त्यांनीं पिणाऱ्याला शिव्या दिल्या, ज्याला जिंकावयाचें त्याचा आधीं मित्र झालें पाहिजे, आणि जे कधीं या व्यसनांत पडले नाहींत त्यांना तें टळलें तें थोर नीतीमुळें नव्हे, तर त्यांना त्याची ओढच नव्हती म्हणून. समोर प्रतिष्ठित नागरिक बसले असतां हें शेवटचें विधान करण्यास धैर्य लागतें. तें कित्येकांना आवडलें नाहीं.

पण ही चळवळ दहा वर्षेंहि टिकली नाहीं. जितक्या जोमानें ती पसरली तितक्याच वेगानें विरली. दारूबंदीचा कायदा करावा कीं नाहीं या राजकारणांत ती ओढली गेली. प्रभावी वक्त्यांच्या सभा करमणुकीचे जलसे झाले. आणि सही केलेल्याचें पुढें काय झालें हें पाहण्याची व्यवस्था राहिली नाहीं. तिचा गाजलेला वक्ता जॉन गफ १८४५ सालीं न्यूयॉर्कमध्यें पुन्हां प्याला, तेव्हां वर्तमानपत्रांनीं त्याची पुरेपूर थट्टा केली. व्यासपीठावर चढविलेला माणूस घसरला म्हणजे तो एकटा पडत नाहीं. त्याच्या शब्दावर भिस्त ठेवणारेहि हादरतात.

हा धडा पुढें नव्वद वर्षांनीं उपयोगीं पडला. १९३५ च्या मे महिन्यांत बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरबाजारांतील माणूस ओहायोमधील ॲक्रन या रबराच्या कारखान्यांच्या शहरांत एका धंद्याच्या कामासाठीं आला होता. काम फसलें. पांच महिन्यांपूर्वींच त्यानें दारू सोडली होती. मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यांत तो एकटा उभा होता. एका बाजूस गुत्त्यांतील हशा ऐकूं येत होता, दुसऱ्या बाजूस टेलिफोन होता. त्या पांच महिन्यांत त्यानें न्यूयॉर्कमध्यें अनेक मद्यपींना उपदेश केला होता आणि त्यांतील एकहि सुधारला नव्हता. परंतु तो स्वतः प्याला नव्हता. आपल्याला वांचवावयाचें तर दुसरा एखादा पिणारा शोधला पाहिजे, हें त्याला त्या क्षणीं उमगलें. चर्चच्या यादींतून त्यानें फोन केले, आणि दुसऱ्या दिवशीं, रविवार १२ मे रोजीं, सायंकाळीं पांचाला त्याची गांठ डॉ. बॉब स्मिथ या शस्त्रवैद्याशीं पडली.

स्मिथला उपदेशाचा वीट आला होता. अडीच वर्षें तो ऑक्सफर्ड ग्रूप या धार्मिक मंडळींत जात होता आणि पीत होता. पंधरा मिनिटांहून अधिक थांबणार नाहीं असें बजावूनच तो आला. बोलणें रात्रीं अकराच्या पुढें संपलें. समोरचा मनुष्य आपल्याला सुधारावयास आला नसून स्वतःला सांवरण्यासाठीं आपली मदत मागावयास आला आहे, हें त्या वैद्याला प्रथमच अनुभवास आलें. तरीहि पुढें एका वैद्यकीय परिषदेस गेला असतां तो पुन्हां प्याला. तो परत आला तेव्हां दार उघडेंच होतें. १० जून १९३५ ला त्यानें शेवटचा घोट घेतला, आणि अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस ही संघटना तोच दिवस आपला स्थापनादिन मानते. ही घसरण आणि हें उघडें दार वगळून ही हकीकत सांगणें म्हणजे तिचा गाभाच काढून टाकणें होय.

संघटनेचें पुस्तक १९३९ सालीं निघालें. तिचे बारा संकेत १९५० सालीं संमत झाले. आडनांव सांगावयाचें नाहीं, कोणत्याहि बाहेरच्या वादांत संघटनेनें मत द्यावयाचें नाहीं, कोणास पुढारी करावयाचें नाहीं : वॉशिंग्टन मंडळांचें तारूं ज्या खडकांवर आपटलें त्या प्रत्येक खडकावर जणूं एकेक दिवा लावला गेला. प्रतिज्ञा जन्मभराची न घेतां आजच्या दिवसापुरती घ्यावयाची, ही तर वरवर क्षुल्लक वाटणारी पण फार खोल युक्ति. जन्मभराची शपथ एकदां मोडली कीं संपली. आजची मोडली तर उद्यां सकाळीं पुन्हां घेतां येते.

कामविकाराच्या बाबतींत हाच मार्ग चोखाळण्यास आणखी चाळीस वर्षें जावीं लागलीं, यांत आश्चर्य नाहीं. दारूडेपणाची कबुली हशा पिकवूं शकते. ही कबुली किळस आणील अशी भीति असते. १९७६ सालीं बोस्टनजवळ ‘सेक्स अँड लव्ह ॲडिक्ट्स ॲनॉनिमस’, १९७७ सालीं मिनियापोलिसला ‘सेक्स ॲडिक्ट्स ॲनॉनिमस’ आणि १९७९ सालीं कॅलिफोर्नियांत ‘सेक्साहॉलिक्स ॲनॉनिमस’ अशीं मंडळें निघालीं. बारा पायऱ्या त्याच. पण येथें एक अडचण उभी राहिली. दारू पूर्णपणें सोडतां येते, तिच्यावांचून कोणाचें अडत नाहीं. कामप्रेरणा सोडून द्यावयाची नसते. मग सोडावयाचें काय? शेवटच्या मंडळानें विवाहांतर्गत संबंध सोडून बाकी सर्व वर्ज्य, असा कडक नियम केला. मिनियापोलिसच्या मंडळानें प्रत्येक सभासदानें आपल्या सोबत्याशीं बोलून आपली रेषा आपणच आंखावी, असें ठरविलें : आंतल्या वर्तुळांत जें मुळींच करावयाचें नाहीं तें, मधल्यांत जें त्या दिशेनें घसरावयास लावतें तें, बाहेरच्यांत जें मनाला निरोगी ठेवतें तें. एखाद्याच्या आंतल्या वर्तुळांत अश्लील चित्रें असतील. मधल्यांत मध्यरात्रीं एकट्यानें मोबाइल घेऊन अंथरुणावर पडणें असेल. बाहेरच्यांत पहांटेचें फिरणें असेल. या दोहोंत दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. नियम स्वतः निवडलेला असला म्हणजे तो मोडण्याची मजा उरत नाहीं. मात्र ती रेषा दुसऱ्यास सांगितलेली असली पाहिजे, नाहीं तर पेपीजच्या नाटकांसारखी तिच्यांतूनहि वाट निघते.

इंटरनेट आल्यावर दुकानांत तासभर रेंगाळण्याचाहि अडथळा गेला. त्याबरोबर उपायहि यांत्रिक निघाले. २००० सालापासून अमेरिकेंत अशीं यंत्रसाधनें विकलीं जातात कीं, माणसानें पडद्यावर काय पाहिलें याचा अहवाल तीं त्यानें नेमलेल्या मित्राकडे धाडतात. हा विल ह्यूअरचा नवा अवतार होय. मित्र समजूतदार असला तर त्याचा उपयोग होतो. परंतु तो केवळ हिशेबनीस झाला कीं माणूस सोबत्याशीं मोकळेपणानें बोलण्याऐवजीं यंत्राला चकविण्यांत हुशार होतो. पुढें तरुण मंडळींत दिवस मोजण्याची चाल पडली : आज तीस झाले, आज नव्वद झाले. आकड्यानें उत्साह येतो हें खरें. पण शहात्तराव्या दिवशीं घसरलेला तरुण आपण पुन्हां शून्यावर आलों असें समजतो, हें मात्र खोटें आहे. शहात्तर दिवसांत जें शिकला तें त्याच्याजवळ शाबूत असतें.

या मनःस्थितीचें वर्णन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यानें १९८५ च्या आपल्या ग्रंथांत नेमकें केलें आहे. एक चूक झाली कीं माणूस ती आपल्या स्वभावाच्या माथीं मारतो, ‘मी असाच’ असें ठरवितो, आणि आतां मोडलेंच आहे तर पुरतेंच मोडूं या, म्हणून वाहवत जातो. चुकीपेक्षां हा निष्कर्षच अधिक घातक असतो. ओढ ही लाटेसारखी चढते आणि कांहीं मिनिटांनीं आपोआप उतरते. तिच्याशीं झुंजावयाचेंहि नाहीं आणि तिच्या स्वाधीनहि व्हावयाचें नाहीं, ती उतरेपर्यंत तिला नुसतें पाहावयाचें, हा त्याचा उपदेश. अशाच धर्तीच्या एका उपचारपद्धतीचा प्रयोग २०१६ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. अश्लील चित्रांच्या संवयीनें त्रासलेल्या २८ पुरुषांवर तो झाला, आणि बारा बैठकींनंतर पाहण्याचें प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटलें. प्रयोग लहान आहे. तरी उपाय आहे एवढें तो दाखवितो.

याला रोग म्हणावें कीं नाहीं, याविषयीं मात्र पंडितांत मतभेद आहे. अमेरिकन मानसवैद्यांनीं २०१३ च्या आपल्या सूचींत त्याला जागा दिली नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मान्य केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आलेल्या अकराव्या सूचींत कामवर्तनावरील ताबा सुटण्याच्या विकाराचा समावेश केला, पण व्यसनांच्या वर्गांत नव्हे, तर आवेगावरील नियंत्रणाच्या विकारांत. सहा महिने वा अधिक काळ ताबा राहत नाहीं आणि घर, काम, प्रकृति यांचें नुकसान होतें, तरच तो विकार. केवळ आपल्या नीतिकल्पनेनुसार हें वाईट आहे म्हणून मनाला टोंचणी लागत असेल, तर तेवढ्यानें माणूस रोगी ठरत नाहीं, असें तेथें स्पष्ट लिहिलें आहे. संशोधनांत असेंहि दिसून आलें आहे कीं, जे या गोष्टीला पाप मानतात त्यांना थोड्याशा पाहण्यानेंहि आपण व्यसनी झालों असें वाटूं लागतें. म्हणून सोडावयाचें ठरविणाऱ्यानें आधीं आपलें दुःख कोणत्या जातीचें आहे तें ओळखावें : पाहणें आवरत नाहीं हें, कीं पाहिलें याची लाज वाटते हें. दोन्ही दुःखें खरीं आहेत, उपाय मात्र निराळे आहेत. आणि सोडण्याचा निश्चय करण्यास रोगी असणें आवश्यक नाहीं. एखाद्याला आपला वेळ, आपली झोंप, पत्नीकडे पाहण्याची आपली दृष्टि परत हवी असते, एवढेंहि कारण पुरेसें आहे.

सोबतीच्या मार्गाची परिणामकारकता मद्याच्या बाबतींत तरी आतां चांगलीच सिद्ध झाली आहे. २०२० सालीं कॉक्रन या संस्थेच्या पाहणींत, संपूर्ण मद्यत्यागापुरतें पाहतां, अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमसकडे नेणारे उपचार इतर मान्य मानसोपचारांच्या बरोबरीचे किंवा त्यांहून सरस ठरले. भारतांत ही संघटना १९५७ पासून आहे आणि तिच्या बैठकी मराठींतूनहि भरतात. पुण्यास डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं पु. ल. देशपांड्यांच्या साह्यानें मुक्तांगण सुरू केलें तें गर्दच्या व्यसनासाठीं. तेथें व्यसनांतून बाहेर आलेले रुग्णच पुढें कार्यकर्ते होऊन नव्या रुग्णाच्या खाटेशेजारीं बसले. बंगलोरच्या निम्हान्स संस्थेनें २०१४ सालीं मोबाइल आणि इंटरनेट यांच्या आहारीं गेलेल्यांसाठीं स्वतंत्र दवाखाना उघडला.

या सर्व इतिहासांत एक पात्र पुष्कळ काळ पडद्याआड राहिलें. पेपीजची पत्नी एलिझाबेथ १६६९ च्या नोव्हेंबरांत वयाच्या २९ व्या वर्षीं वारली. त्या वर्षभरांत तिच्या मनांत काय चाललें होतें याची रोजनिशी कोणी ठेवली नाहीं. पतीच्या फोनमध्यें कांहीं आढळलेल्या बाईला आपल्यांतच कांहीं उणें असावें असें वाटतें, आणि ती हें आईजवळहि बोलत नाहीं. बिल विल्सनची पत्नी लोइस हिनें नवरे बैठकींत असतांना बाहेर थांबलेल्या बायकांना एकत्र बसविण्यास आरंभ केला, आणि १९५१ सालीं त्यांतून ‘अल-ॲनॉन’ ही वेगळी संघटना झाली. मुक्तांगणांत रुग्णांच्या पत्नींचा जो गट भरतो त्याचें नांव ‘सहचरी’ आहे. नवऱ्याला सुधारावें कसें हा विषय तेथें फार वेळ चालत नाहीं. एकजण बोलूं लागते, दुसरी मान हलविते, आणि आपलें घर जगावेगळें नाहीं हें तिसरीला प्रथमच कळतें.